धूळ, ऊन, ओल आणि नेटवर्कचं कॅबिनेट: वातावरणाच्या मॉनिटरिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाण, कारखाना, सबस्टेशन, बंदर, रस्त्याकडेचा खांब, रेल्वेचा डबा, अशा ठिकाणी नेटवर्कचे स्विच-राउटर बसवणाऱ्या लोकांचे प्रश्न जवळपास तेच असतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवलेत. एसी असलेल्या सर्व्हर रूमबद्दल इथे फारसं काही नाही, जिथे रोज कोणी जात नाही आणि दार उघडल्यावर आत काय दिसेल याची खात्री नसते त्या कॅबिनेटबद्दल आहे.

स्विचच्या आत टेम्परेचर सेन्सर असतोच की, मग वेगळा कशाला लावायचा?

कारण आतला सेन्सर स्विचची तब्येत सांगतो, जागेची नाही. तो बसवलेला असतो चिपजवळ किंवा बोर्डच्या एखाद्या कोपऱ्यात, आणि फॅन असलेल्या स्विचमध्ये तर तो आकडा फॅनच्या जोरावर धरून ठेवलेला असतो, म्हणजे बाहेर गरम झालं की फॅन जोरात फिरतो आणि आतलं तापमान जवळपास तिथेच राहतं, तुम्हाला ग्राफवर सरळ रेघ दिसते आणि वाटतं सगळं ठीक चाललंय, पण फॅन कधीच फुल स्पीडला पोचलेला असतो आणि त्याच्याकडे आता द्यायला काही उरलेलं नसतं. मग एका कडक दुपारी रेघ एकदम वर जाते आणि स्विच स्वतःला बंद करून घेतो. म्हणून आतला सेन्सर वाचायचाच, फॅनचा आरपीएम पण वाचायचा, पण कॅबिनेटमधली हवा आणि कॅबिनेटबाहेरची हवा या दोन्ही वेगवेगळ्या मोजायच्या.

दोनच सेन्सर परवडत असतील तर एक आत आणि एक बाहेर सावलीत लावा आणि दोघांमधला फरक बघत राहा, या विषयात यापेक्षा कामाचा आकडा मला माहीत नाही. समजा बसवलं तेव्हा बाहेर ३० आणि आत ४२, फरक १२ अंश. काही महिन्यांनी बाहेर २५ आणि आत ४२. आतलं तापमान तेच आहे, कुठलाही अलर्ट वाजलेला नाही, पण फरक १७ झालाय, म्हणजे फिल्टर तुंबलाय नाहीतर एक फॅन मेलाय नाहीतर कोणीतरी न सांगता आत आणखी एक उपकरण ठेवून गेलंय. आता दुरुस्ती करायला तुमच्याकडे वेळ आहे. उन्हाळ्यात तोच फरक घेऊन बाहेर ४२ झालं की आत ५९ होणार, तेव्हा तो वेळ नसेल.

एक काळजी घ्या, दिवसा कॅबिनेटवर ऊन पडतं त्यामुळे फरक उगाच फुगतो. पहाटे सूर्य उगवायच्या आधीचा फरक सगळ्यात स्वच्छ असतो, त्यात फक्त आतल्या उपकरणांची उष्णता असते, तो रोज एकदा नोंदवला तरी खूप कळतं.

काय काय मोजायचं? यादी फारच लांब दिसते.

सगळं सगळीकडे लागत नाही. आतलं आणि बाहेरचं तापमान, आतली आर्द्रता, येणाऱ्या विजेचं व्होल्टेज आणि दाराचा कॉन्टॅक्ट (दार उघडलं की कळवणारा) हे मी कुठेही लावेनच. बॅटरी असेल तर बॅटरीचं तापमान वेगळं. खाली पाणी साचू शकतं तिथे पाण्याचा सेन्सर. यंत्राच्या अंगावर किंवा गाडीत बसवलं असेल तर व्हायब्रेशन. रसायनं, सांडपाणी, कागद कारखाना, समुद्राची हवा असेल तर गंजाची पट्टी. धूर ओळखणारा सेन्सर जिथे बॅटरी मोठी आहे तिथे हवाच.

जागा बघून आधी विचारायचं की इथे उपकरण कशाने मरेल, आणि तेवढंच मोजायचं. जो आकडा बघून कोणी काही करणार नाही तो मोजू नका.

सेन्सर नक्की कुठे लावायचा?

स्विच जिथून हवा आत घेतो तिथे, त्याच्या समोर थोडं अंतर ठेवून. वरच्या छताला चिकटवला तर गरम हवेचा आकडा येतो, अगदी तळाला ठेवला तर खोटा थंड आकडा येतो, आणि पत्र्यालाच चिकटवला तर तो हवेचं नाही पत्र्याचं तापमान सांगतो, ऊन आलं की १५-२० अंश वर आणि पाऊस पडला की धाडकन खाली. फॅन नसलेल्या स्विचमध्ये हवा खालून वर जाते त्यामुळे सेन्सर स्विचच्या खाली. पॉवर सप्लायच्या वर कधीच नाही.

उंच कॅबिनेट असेल तर खाली एक आणि वर एक लावा, वरखालचा फरक अचानक वाढला तर हवा फिरायची थांबलीय असं समजायचं.

बाहेरचा सेन्सर उत्तरेच्या किंवा जी बाजू कायम सावलीत असते तिकडे, पांढऱ्या जाळीदार कव्हरमध्ये. दक्षिण गोलार्धात दिशा उलटी धरा.

किती अंशांवर अलर्ट ठेवायचा?

सगळ्यांना एक आकडा हवा असतो आणि तसा एक आकडा नाहीये. अॅश्रे या संस्थेची डेटा सेंटरसाठी १८ ते २७ अंश सेल्सिअसची शिफारस आहे, ती लोक सरसकट उचलतात, पण ती थंड केलेल्या खोलीतल्या उपकरणांसाठी आहे, उन्हातल्या खांबावरच्या डब्याला ती लावली तर अलर्ट जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत लाल राहील. ऑफिसमधल्या साध्या स्विचची मर्यादा बहुतेक ० ते ४० किंवा ४५ अंश असते, इंडस्ट्रियल स्विचची उणे ४० ते ७० किंवा ७५. तुमच्या डेटाशीटमध्ये काय आहे ते वाचा आणि तिथून खाली या.

आणि डेटाशीट वाचताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, तो आकडा उपकरणाच्या अगदी आजूबाजूच्या हवेचा असतो, हवामान खात्याच्या तापमानाचा नाही. दुसरी, साखळीतला सगळ्यात कमजोर भाग मर्यादा ठरवतो, ७५ अंशांचा स्विच घेतला आणि त्यात साधं एसएफपी (फायबर जोडायचं छोटं मॉड्यूल) खोचलं तर त्या एसएफपीच्या केसची मर्यादा ७० अंश आहे आणि केस आजूबाजूच्या हवेपेक्षा गरमच असणार, उणे ४० ते ८५ वालं इंडस्ट्रियल एसएफपी वेगळं मागवावं लागतं आणि ऑर्डर देताना नेमकं तेच राहून जातं. पॉवर सप्लायचंही तसंच, ठराविक तापमानानंतर त्याची क्षमता उतरत जाते, तो ग्राफ डेटाशीटच्या शेवटी असतो. तिसरी, उंचीवर हवा विरळ असते आणि उष्णता कमी वाहून नेते, अॅश्रेच्या नेहमीच्या वर्गांमध्ये ९०० मीटरच्या वर दर ३०० मीटरला कमाल मर्यादा १ अंशाने खाली आणतात, डोंगरावरच्या टॉवरला हे धरलंच पाहिजे.

मी दोन पायऱ्या ठेवते. उपकरणांमधल्या सगळ्यात कमजोर मर्यादेच्या १० अंश खाली पहिली, तिथे फक्त नोंद आणि सकाळी बघायचं, आणि ५ अंश खाली दुसरी, तिथे फोन वाजला पाहिजे. अलर्ट ५५ ला लागला तर ५० च्या खाली आल्याशिवाय बंद होऊ नये, आणि लागायच्या आधी ५ मिनिटं सलग वर असावं, नाहीतर ५४.९ आणि ५५.१ च्या मध्ये नाचत राहतो आणि रात्रभर मेसेज येतात.

मर्यादेच्या आत आहे म्हणजे फुकट आहे असंही नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं असा जुना आणि उपयोगी हिशोब आहे, म्हणजे कायम ६० ला चालणारा पॉवर सप्लाय चालेल, पण कायम ४० ला चालणाऱ्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकाच.

बंद डब्यात किती गरम होईल ते आधी काढता येतं का?

येतं, अंदाजे. रंगवलेल्या लोखंडी पत्र्यातून दर चौरस मीटरला दर अंशाला साधारण ५.५ वॅट उष्णता बाहेर जाते. डब्याचा हवेला उघडा असलेला पत्रा २ चौरस मीटर आणि आतली उपकरणं १०० वॅट खात असतील तर १०० भागिले ११, म्हणजे आत साधारण ९ अंश जास्त. भिंतीला टेकलेली बाजू धरायची नाही. हा हिशोब सावलीतला आहे, भर उन्हात एका चौरस मीटरवर १००० वॅटच्या आसपास ऊन पडतं, त्यामुळे गडद रंगाचा डबा आतल्या उपकरणांपेक्षा उन्हानेच जास्त तापू शकतो. पांढरा रंग आणि डब्यापासून थोडं अंतर सोडून लावलेला सावलीचा पत्रा याने जे होतं ते मोठ्या फॅननेही होत नाही, आणि पत्र्याला मेंटेनन्स नाही.

पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणं) असेल तर वॅट मोजताना चुकू नका. कॅमेऱ्याला दिलेली वीज कॅमेऱ्याकडे जळते, आत फक्त पॉवर सप्लाय आणि स्विचमधला तोटा राहतो, पण नव्या ९० वॅटच्या पोर्टांमध्ये तो तोटाही बराच असतो.

जुन्या हवामानाच्या आकड्यांवर मात्र हा हिशोब सोडू नका. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमध्ये पहिल्यांदा ४० अंशांच्या वर पारा गेला आणि त्या दिवशी लंडनमध्ये गुगल आणि ओरॅकल दोघांच्याही डेटा सेंटरची कूलिंग यंत्रणा बसली. एवढ्या मोठ्या लोकांची गत ही, तर खांबावरच्या डब्याला थोडी जास्त जागा सोडलेली बरी.

आर्द्रता ७० टक्के दाखवतेय, काळजी करायची का?

नुसत्या टक्क्यांवरून सांगताच येणार नाही. हवा तापली की टक्के उतरतात आणि गार झाली की चढतात, पाणी मात्र तेवढंच असतं. बघायचा तो दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्या हवेतलं पाणी गार पृष्ठभागावर उतरायला लागतं ते. ३० अंश आणि ७० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २४ येतो. आता रात्री कॅबिनेटचा पत्रा २२ पर्यंत उतरला की पत्र्याला आतून घाम फुटणार आणि तो थेंब थेंब खाली टपकणार, खाली काय आहे ते तुम्हीच बघा. उलट २५ अंश आणि ५० टक्क्यांना दवबिंदू १४ च्या आसपास असतो, तिथे बहुतेक ठिकाणी निवांत राहता येतं.

म्हणून अलर्ट असा लावायचा: आतल्या पत्र्याचं तापमान वजा दवबिंदू, हे ३ अंशांच्या खाली आलं की वाजव. त्यासाठी पत्र्याला एक छोटा तापमानाचा सेन्सर चिकटवावा लागतो, एवढा खर्च करा. दवबिंदूचं सूत्र बहुतेक मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये बसवता येतं, आणि हल्लीचे बरेच सेन्सर तो तयारच देतात.

आणि वीज गेल्यानंतर परत येते ती वेळ फार वाईट. उपकरणं बंद होती तोपर्यंत सगळं गार झालं, बाहेरची दमट हवा आत आली, बोर्डवर ओल बसली आणि त्यावर अचानक करंट आला. जिथे वीज सारखी जाते तिथे थर्मोस्टॅटवाला छोटा हीटर बॅटरीवर ठेवता आला तर ठेवा, नाहीतर वीज आल्यावर आधी हीटर आणि मग स्विच असा टायमर लावा.

डबा आयपी ६५ चा आहे, आत पाणी आलंच कसं?

आयपी ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा अडतो, नवा असताना, नीट बंद असताना. आयपी ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास. यातली कुठलीही चाचणी डबा वर्षानुवर्षं तापतो आणि गार होतो त्याबद्दल बोलत नाही, आणि खरं पाणी तिथूनच येतं.

दुपारी आतली हवा ५० अंश आहे, संध्याकाळी जोराची सर आली आणि डबा झपकन २५ वर आला. बंद डब्यातल्या हवेचा दाब त्यामुळे साधारण ८ टक्क्यांनी पडतो, आता डबा बाहेरची हवा आत ओढतोय आणि नेमकं तेव्हाच गॅस्केटवर (दाराच्या कडेच्या रबरावर) पाणी साचलेलं आहे, ते पाणी हवेबरोबर आत. दुसऱ्या दिवशी आत ओढलेलं पाणी वाफ होतं पण बाहेर पुरतं जात नाही. असं रोज थोडं थोडं होत जातं आणि एक दिवस तळाला बोटभर पाणी सापडतं, डब्याला भोक मात्र कुठेच नाही. उपाय म्हणजे दाब बरोबरीत ठेवणारा मेंब्रेन व्हेंट, जो हवा सोडतो पण पाणी अडवतो, आणि तळाला निचऱ्याचा प्लग.

दुसरी नेहमीची वाट केबलची. केबल वरून सरळ ग्लँडमध्ये (केबल आत शिरते तिथल्या सीलबंद जोडात) उतरवली असेल तर पाणी केबलच्या अंगावरून वाहत थेट ग्लँडवर येतं. केबल आधी ग्लँडच्या खाली नेऊन मग वर वळवायची, म्हणजे थेंब वळणावर गळून पडतो. न वापरलेली भोकं टेपने नाही, प्लगने बंद करायची. गॅस्केटमध्ये बिजागरीकडचा खालचा कोपरा बघा, रबर तिथे सगळ्यात आधी चपटं होतं आणि नखाने दाबलं तर परत वर येत नाही.

धूळ मोजायला महागडा पार्टिकल सेन्सर घ्यायचा का?

बहुतेकांना गरज नाही. ते सेन्सर स्वतःच धुळीने भरतात आणि मग काहीही दाखवतात. धूळ तुम्हाला दोन ठिकाणी आयती मिळते, वर सांगितलेल्या आत-बाहेरच्या तापमानाच्या फरकात आणि फॅनच्या आरपीएममध्ये. बाहेरचं तापमान तेच असताना फॅन दर महिन्याला थोडा जास्त जोरात फिरायला लागला की फिल्टर बदलायची वेळ आली. मोठं कॅबिनेट असेल तर फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या हवेच्या दाबातला फरक मोजणारा स्विच लावा, तो स्वस्त आणि भरवशाचा असतो.

कोळशाची, धातूची किंवा कार्बनची धूळ असेल तर गोष्ट वेगळी, ती वीज वाहते. तिथे फिल्टर आणि फॅनचा नाद सोडून बंद डबा आणि फॅन नसलेला स्विच घ्या.

गंज आतमध्ये दिसत नाही, मग कसा मोजणार?

तांब्याची आणि चांदीची छोटी पट्टी कॅबिनेटमध्ये महिनाभर टांगून ठेवायची आणि लॅबला पाठवायची, त्यावर किती थर चढला ते मोजून देतात. आयएसए ७१.०४ हे त्याचं मानक, त्यातला सगळ्यात सौम्य वर्ग जी१, महिन्याला तांब्यावर ३०० अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) खाली आणि चांदीवर २०० च्या खाली. त्याच्या वर गेलात तर उपकरणांचं आयुष्य खरंच कमी होतंय. दोन्ही पट्ट्या लावा, कारण वेगवेगळे वायू या दोन धातूंवर आपापल्या पद्धतीने काम करतात आणि एकच लावली तर अर्धं चित्र दिसतं.

१ जुलै २००६ पासून युरोपात घातक पदार्थांवर बंधन घालणारे रोह्स नियम लागू झाले आणि सोल्डरमधलं शिसं गेलं, त्यानंतर बऱ्याच बोर्डांवर चांदीचा पातळ लेप यायला लागला, आणि सांडपाण्याच्या किंवा कागद कारखान्याच्या हवेतला हायड्रोजन सल्फाइड नेमका त्याच्यावर जातो. अशा जागी बोर्डवर कन्फॉर्मल कोटिंग (ओल अडवणारा पातळ लेप) आहे का ते खरेदीच्या आधी लेखी विचारा.

लॅब नसेल तर निदान आरजे४५ चा (नेटवर्क केबलचा) प्लग काढून पिना भिंगातून बघा. सोनेरी पिनेच्या कडेला हिरवट-निळसर पावडर दिसली तर ओल आणि मीठ दोन्ही पोचलेत, अशी लिंक पुसून घातली की महिनाभर चालते आणि पावसात परत फ्लॅप होते, म्हणजे सारखी तुटते आणि जुळते. ओल आणि ऑक्सिजन यांना बाहेर ठेवल्याने फरक पडतो, मायक्रोसॉफ्टने नॅटिक प्रकल्पात २०१८ ला ऑर्कनी बेटांजवळ समुद्राच्या तळाशी ८६४ सर्व्हरचं सिलिंडर ठेवलं होतं, आत कोरडा नायट्रोजन भरून, २०२० ला वर काढल्यावर बिघाडाचं प्रमाण जमिनीवरच्यापेक्षा आठव्या हिश्श्यावर होतं. माणूस आत जाऊन धक्के देत नव्हता हेही एक कारण सांगितलं गेलं. आपण कॅबिनेटमध्ये नायट्रोजन भरत नाही, पण कोरडं ठेवणं आपल्या हातात आहे.

बॅटरीसाठी वेगळा सेन्सर खरंच लागतो का?

हो. लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर ८-१० अंशांना साधारण निम्मं होतं, म्हणजे जे तापमान स्विचला सहज चालतं त्यात बॅटरी मरते. सेन्सर बॅटरीच्या अंगाला किंवा निगेटिव्ह टर्मिनलला लावा, हवेत लटकवू नका. एक बॅटरी बाकीच्यांपेक्षा ४-५ अंश गरम दिसली तर तिच्यात काहीतरी बिघडलंय, चार्जिंग थांबवून माणूस पाठवा.

चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. म्हणून लेड-अॅसिड पूर्ण बंद डब्यात ठेवायची नाही, व्हेंट असलेला कप्पा वेगळा हवा.

आमच्याकडे प्रश्न थंडीचा आहे, तिथे काय बघायचं?

चालू असलेला स्विच स्वतःच्या उष्णतेवर बराच तग धरतो, खरी परीक्षा बंद पडून गार झाल्यावर परत चालू होताना. डेटाशीटमध्ये कमीत कमी कोल्ड स्टार्टचं तापमान वेगळं दिलंय का बघा. लिथियम-आयन बॅटरी ० च्या खाली चार्ज करू नये, आत धातूचा लिथियम साचतो आणि बॅटरी कायमची खराब होते, तेव्हा चार्जर तापमान बघून थांबतो ना ते तपासा. डिस्चार्ज झालेली लेड-अॅसिड गोठते. फायबर थंडीत आखडतो आणि जॉइंटच्या ट्रेमध्ये ताण येतो, तो ऑप्टिकल पॉवरमध्ये दिसतो.

एसएफपीच्या रीडिंगचा वातावरणाशी काय संबंध?

बराच आहे, आणि हे सेन्सर तुम्ही आधीच विकत घेतलेले आहेत. डायग्नॉस्टिक्सवालं एसएफपी तापमान, व्होल्टेज, लेसरचा बायस करंट (लेसर चालवायला लागणारा करंट), पाठवलेली आणि मिळालेली पॉवर असे पाच आकडे देतं. पाठवणारी पॉवर तीच असताना बायस करंट महिनोन्महिने चढत गेला तर लेसर थकतोय, आणि गरम जागी तो लवकर थकतो. पाऊस पडून गेल्यावर मिळणारी पॉवर पडत असेल तर जॉइंटच्या डब्यात पाणी आहे. पहाटेच्या थंडीत पडून दुपारी वर येत असेल तर कुठेतरी फायबर आवळला जातोय. ग्राफवर बाहेरचं तापमान आणि ही पॉवर एकत्र काढा, डोळ्यांना लगेच दिसतं.

कुठले सेन्सर घ्यायचे?

तापमानासाठी डीएस१८बी२० प्रकारचा चालतो, उणे १० ते ८५ मध्ये अर्ध्या अंशाची अचूकता, पण लांब वायरवर आणि मोटारींच्या गोंगाटात तो त्रास देतो. लांब जायचं असेल तर आरएस४८५ वायरिंगवर मॉडबस (यंत्रांमध्ये आकडे पाठवायची जुनी पद्धत), ते १२०० मीटरपर्यंत जातं. खूप गोंगाट असेल तर ४ ते २० मिलिअँपिअरचा जुना प्रकार अजूनही उत्तम, शून्य म्हणजे ४ मिलिअँपिअर असल्यामुळे वायर तुटली की ० येतो आणि तुटलेली वायर थंड हवा म्हणून वाचली जात नाही. आर्द्रतेसाठी शिकाऊ किटमधला डीएचटी११ नको, ओल सतत जास्त असलेल्या जागी तो टिकत नाही.

बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वायरला सर्ज प्रोटेक्शन हवं. नाहीतर वीज कडाडली की सेन्सरच्या वायरवरूनच सर्ज आत येतो आणि ज्याला वाचवायला सेन्सर लावला तोच स्विच उडतो.

एसएनएमपी, मॉडबस की एमक्यूटीटी?

हे तिन्ही सेन्सरचे आकडे नेटवर्कवरून पाठवायचे प्रकार आहेत, जे तुमची कंट्रोल रूम आधीपासून बघते ते घ्या. नेटवर्कवाल्यांकडे एसएनएमपी असतंच, नवीन स्क्रीन दिली तर ती कोणी उघडत नाही. व्हर्जन ३ वापरा, १ आणि २सी मध्ये पासवर्डसारखा शब्द उघडा जातो. ट्रॅप (उपकरणाने स्वतःहून पाठवलेला निरोप) यूडीपीवर जातो आणि हरवला तर कोणालाच कळत नाही, इन्फॉर्म पाठवला तर पोच मिळते, पण पोलिंग (ठराविक वेळाने आपणच विचारणं) तरीही ठेवा. मॉडबसला मुळात कुलूपच नाही, १९७९ चा प्रोटोकॉल आहे, तेव्हा तो वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) आणि गेटवेच्या मागे. एमक्यूटीटी बारीक, तुटक्या लिंकवर छान चालतं, त्यातली लास्ट विलची सोय नक्की वापरा, सेन्सर गायब झाला की ब्रोकर (निरोप वाटणारा मधला सर्व्हर) स्वतःच सगळ्यांना सांगतो.

तापमान मिनिटाला एकदा वाचलं तरी पुष्कळ. दार, पाणी, धूर यांची वाट बघायची नाही, ते त्याच क्षणी आले पाहिजेत.

रीडिंग विचित्र येतंय, सेन्सर खराब आहे का?

आधी आकडा ओळखा. डीएस१८बी२० कडून बरोबर ८५ आलं तर ते तापमान नाही, चालू झाल्यावरचा त्याचा मूळ आकडा आहे, म्हणजे त्याला मोजायला वेळ मिळाला नाही किंवा वीज मध्येच गेली. उणे १२७ म्हणजे बऱ्याच लायब्ररींमध्ये सेन्सर सापडला नाही. मॉडबसवर ६५५१.१ अंश दिसलं तर आग लागलेली नाही, उणे २.५ आहे, चिन्ह न धरता वाचल्यामुळे तसं दिसतंय. एसएनएमपीच्या सेन्सर टेबलमध्ये आकडा, स्केल आणि दशांश वेगवेगळे येतात, ४२३ आणि दशांश १ म्हणजे ४२.३, आणि त्याच टेबलमध्ये सेन्सर चालू आहे की बंद हेही येतं, ते न वाचता नुसता आकडा घेतला तर मेलेल्या सेन्सरचा शेवटचा आकडा तुम्ही महिनाभर बघत बसाल. एकाच आकड्यावर २४ तास न हललेला सेन्सर हा सुद्धा अलर्ट असला पाहिजे.

आर्द्रतेचा सेन्सर तपासायला बंद बरणीत मिठाचं ओलं दाट मिश्रण ठेवा, पाण्यात न विरघळलेलं मीठ शिल्लक दिसलं पाहिजे, त्याच्या वर सेन्सर टांगून काही तास थांबा, २५ अंशांना ७५ टक्के यायला हवं. तापमानासाठी बर्फ आणि पाण्याचं मिश्रण, ० अंश. वर्षातून एकदा एवढं केलं तरी चालतं.

नेटवर्कच गेलं तर अलर्ट कुठून येणार?

येणारच नाही, जर सेन्सर त्याच स्विचच्या मागे असेल तर. म्हणून सेन्सरच्या कंट्रोलरला स्वतःची छोटी बॅटरी आणि मोबाइल मॉडेमची वेगळी वाट द्या, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे उलटा अलर्ट लावा: साइटकडून ५ मिनिटांत हजेरी आली नाही तर कंट्रोल रूममध्ये वाजलं पाहिजे. शेवटच्या मिनिटाला पाठवलेली वीज गेल्याची खबरही खूप काम करते, त्यावरून कळतं की गाडीत जनरेटर टाकायचा की स्विच.

इतके अलर्ट येतात की लोक बघायचेच थांबलेत. काय करू?

आठवडाभराचे सगळे अलर्ट काढा आणि प्रत्येकासमोर लिहा की तो आल्यावर कोणी काय केलं. काहीच केलं नसेल तर तो अलर्ट काढून टाका किंवा रोजच्या रिपोर्टमध्ये ढकला, रात्री माणसाला उठवणाऱ्या यादीत तो नको. उरलेल्या प्रत्येक अलर्टच्या मजकुरात साइट, कॅबिनेट, आत्ताचा आकडा, बाहेरचा आकडा आणि आधी काय करायचं ते एका ओळीत घाला. झोपेतून उठलेल्या माणसाला ‘सेन्सर ७ क्रिटिकल’ एवढंच वाचून काही सुचत नाही.

दार उघडण्याच्या अलर्टला मेंटेनन्सची वेळ जोडा. टीम आत काम करतेय तोपर्यंत गप्प, पण दोन तासांनंतरही दार उघडंच असेल तर परत वाजवा, कारण दार नीट न लावता निघून जाणं हे पाणी आणि उंदीर आत येण्याचं फार मोठं कारण आहे.

मुंग्या, पाली, उंदीर यांना पण सेन्सर असतो का?

नाही. जाळी, ग्लँड आणि प्लग. उबदार पॉवर सप्लाय मुंग्यांना आवडतो, तेव्हा दर भेटीत तिथे टॉर्च मारा.

व्हायब्रेशन कधी मोजायचं?

रेल्वेत, क्रेनवर, क्रशरजवळ. आरजे४५ ची जीभ तुटते, पॉवरचा स्क्रू ढिला होतो. तिथे स्क्रूने आवळायचा एम१२ कनेक्टर घ्या, रेल्वेसाठी ईएन ५०१५५ आणि सबस्टेशनसाठी आयईसी ६१८५०-३ पास केलेलं उपकरण घ्या. स्फोटक वायूच्या झोनमध्ये मात्र स्वतः एकही सेन्सर लावू नका, तिथे प्रमाणित उपकरण आणि प्रमाणित माणूसच लागतो.

कॅबिनेट उघडलं, आत पाणी आहे आणि स्विच अजून चालू आहे. आता?

हात आत घालू नका. आधी बाहेरच्या आयसोलेटरवरून वीज बंद, मग बॅटरीची बाजू तोडायची, लोक ही दुसरी पायरी विसरतात आणि ४८ व्होल्ट बॅटरीतून तसाच येत राहतो. फोटो काढा, पाण्याची रेघ कुठपर्यंत आहे ते दिसेल असा. समुद्राचं किंवा घाण पाणी असेल तर नुसतं वाळवून उपयोग नाही, मीठ बोर्डवर राहतं आणि पुढच्या दमट रात्री परत करंट गळतो, शुद्ध पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, टेबलवर तपासूनच परत लावायचं, आणि महत्त्वाच्या लिंकवर तो स्विच परत लावूच नये.

मग आर्द्रतेचा ग्राफ काढून पावसाच्या वेळेशी लावून बघा. सर सुरू झाल्यावर लगेच आकडा उडी मारत असेल तर सरळ भोक आहे, ग्लँड आणि वरची कड तपासा. पाऊस थांबून डबा गार होताना चढत असेल तर तो हवा ओढतोय, व्हेंट नाही किंवा बुजलाय. आणि पाऊस नसलेल्या आठवड्यातही दर पहाटे थोडा थोडा चढत असेल तर खालच्या केबलच्या पाइपमधून जमिनीची ओल वर येतेय, त्या पाइपचं तोंड आतून सील करा.